चार हरलेले शुक्रवार

बाबा,

काल नातू आला होता. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, त्याच्या बापालाही पाहिलेलं नाही. दुबईहून माझ्याकडे शारजाला यायचं म्हणजे रस्त्यात दीड-दोन तास गाडी मुंगीच्या पावलांनी चालते, त्यामुळे ही मंडळी महिन्यातून एकदा उगवतात आणि चहा पोटात गेला की परतीच्या ट्रॅफिकची काळजी करायला लागतात. नातू सोळा वर्षांचा आहे. आल्या आल्या टीव्हीसमोर बसला. इंग्लंडातला कुठला तरी क्लब त्याच्या जिवाचा आहे, आणि त्या क्लबाने मॅनेजरला अकराव्या सामन्यानंतर काढून टाकलं होतं. मी म्हटलं, "अकरा सामन्यांत काय होतं रे? खेळाडूंची एकमेकांशी नीट ओळखसुद्धा झाली नसेल." त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "ही हॅड टू गो, दादा. दे गेव्ह हिम एव्हरीथिंग." एव्हरीथिंग म्हणजे नवे विकत घेतलेले खेळाडू. त्यातल्या एकाची किंमत त्याने सांगितली. मी सवयीने मोठ्याने तिचे दिरहम केले, दिरहमांचे रुपये करायला घेतले आणि मध्येच नाद सोडला. मुलगा हसला, सून हसली, मग ते गेले. टीव्ही तसाच चालू राहिला. तो काढलेला मॅनेजर गाडीकडे चालला होता आणि कुणीतरी पुढे धरलेल्या माइकमध्ये सांगत होता की मला आणखी थोडा वेळ हवा होता. मी टीव्ही बंद केला, कपबशा धुतल्या आणि हे पॅड घेऊन बसलो.

तुम्हीही शेठकडे थोडाच वेळ मागितला होता. तो तुम्हाला मिळाला असता, बाबा. मिळाला नाही याला शेठ जेवढा कारण, तेवढाच मी. हे तुम्ही होतात तेव्हा सांगायला हवं होतं. मी धीर गोळा करत राहिलो आणि तुम्ही गेलात. आता माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा वीस वर्षांनी जास्त आहे, तेव्हा निदान वयाचा तरी दबाव नको.

आपण दुबईच्या खाडीकाठी देऱ्याला राहत होतो. खाली शेठचं गोडाऊन, वर आपली खोली, खोलीत आपल्याच तालुक्यातली सहा माणसं. दिरहम अजून जन्माला यायचा होता, सगळीकडे रुपयाच चालायचा, त्यामुळे आपण परदेशात आहोत हे मला पगाराच्या दिवशी कधी वाटलंच नाही. ते वाटायचं शुक्रवारी, नमाज झाली की. सुट्टीच्या दिवशी माणसाने करायचं काय? आई गावी, धाकट्या बहिणी गावी. खोलीतले लोक पालथे पडून झोपायचे नाहीतर छताकडे बघत बसायचे. तुम्ही त्या छताकडे बघणाऱ्यांना उठवून फुटबॉल खेळायला मैदानावर नेलंत. मैदान म्हणजे नुसती घट्ट झालेली वाळू. लाँचच्या इंजिनातलं जळकं ऑईल डब्याने ओतून तुम्ही रेषा आखायचात, आणि खेळून आलं की घोट्यापर्यंत काळे झालेले पाय रॉकेलने पुसावे लागायचे. भटारखान्यातल्या पिंपात बनियन हिरवे रंगवलेले, घाम आला की रंग मानेवरून ओघळायचा. गावच्या शाळेत चार वर्षं ड्रिल शिकवलं होतं तेवढ्यावर सगळे तुम्हाला मास्तर म्हणत. दिवसा तुम्ही गोडाऊनचे कारकून, तांदूळ आणि चहाच्या पेट्यांची आवकजावक लिहिणारे.

तुमची मास्तरकी त्या कारकुनीतूनच यायची, हे मला खूप उशिरा कळलं. गावाकडचं टपाल तुमच्या हातून वाटलं जायचं. कुणाचं पत्र आलं, कुणाचं दोन खेपा आलं नाही, हे तुम्हाला पाठ. तुम्ही म्हणायचात, "गोलीला घरचं पत्र आलेलं नाही, आज त्याला कुणी ओरडायचं नाही." आमचा गोली, म्हणजे गोल राखणारा, दिवसभर पेट्या वाहायचा; पत्र नसलं की समोरून येणाऱ्या बॉलकडे तो ओळख विसरल्यागत बघायचा. त्याने एकदा पायांमधून तीन गोल सोडले. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना वाटलं तो बाहेर. तुम्ही परत त्यालाच उभा केलात. मी चिडून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "चुकला म्हणून काढला तर तो पुढच्या वेळी बॉल अडवणार नाही, माझ्याकडे बघत बसेल." एकदा अकरा जण ठरले की ठरले.

त्या अकरांत मी नव्हतो. एकवीस वर्षांचा होतो, दिवसा धक्क्यावर माल मोजायचो, त्यातल्या कित्येकांपेक्षा जोरात धावायचो, आणि दोन हंगाम तुमच्या शेजारी बाकावर बसून होतो. का, ते तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. पोरगा खेळला की लोक म्हणणार, मास्तरने घरचं माणूस घुसवलं. सबंध खोलीला तुमच्या तोंडाकडे बघायची सवय, त्या तोंडाला बट्टा लागू द्यायचा नव्हता. मी एकदाच विषय काढला. आपण अब्र्यातून, म्हणजे त्या खाडी ओलांडायच्या होडीतून परत येत होतो. मी म्हटलं, "बाबा, डावीकडे मागे तो लंगडतो तरी तुम्ही त्यालाच ठेवता. मला एकदा तरी घाला." तुम्ही नावाड्यासमोर मला झापलंत. "तुला खेळायचं असेल तर दुसऱ्याच्या टीममधे जा. माझ्याकडे माझा पोरगा म्हणून येऊ नकोस." मी उतरताना तुमचा हातसुद्धा धरला नाही, आणि तुम्हाला होडीतून उतरताना नेहमी हात लागायचा.

मग तो हंगाम आला. आपली सगळी मदार दोन खलाशी भावांवर होती. थोरला पुढे, धाकटा त्याच्या मागे, दोघं एकमेकांकडे न बघता बॉल द्यायचे. पण ते शेठच्या लाँचवरचे. पावसाळ्यापूर्वी लाँच गावी गेली की ते गेले, आणि दर्या उघडला की लाँचबरोबर परत. त्या वर्षी लाँचच्या इंजिनाने तिकडे रत्नागिरीच्या खाडीतच मान टाकली. सुटा भाग मुंबईहून येईना. इकडे सामने सुरू झाले आणि आपण पहिले दोन हरलो.

शेठ तसा वाईट नव्हता. आपल्याच बाजूचा, आपल्याच माणसांना पोसणारा. पण संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या बैठकीत बसला की बाकीचे त्याला चिमटे काढायचे. लाकडाच्या व्यापाऱ्याची टीम, बँकवाल्यांची टीम, आणि हा हिरव्या बनियनवाला. नाक कापलं जातंय म्हटल्यावर त्याने खेळाडू आणायला सुरुवात केली. नातवाला हे सांगितलं असतं तर त्याचा विश्वास बसला नसता. तेव्हा खेळाडूची किंमत पैशांत नव्हती, नोकरीत होती. माणसाचा पासपोर्ट ज्या शेठच्या कपाटात, तो माणूस त्या शेठचा, आणि दुसऱ्याला तो हवा असेल तर पहिल्याने "हरकत नाही" असं लिहून द्यायचं. लाकडाच्या व्यापाऱ्याकडचा एक पळणारा गडी शेठने दुप्पट पगाराच्या वॉचमनच्या नोकरीवर उचलला. राखायला गोडाऊन शिल्लक नव्हतं, म्हणून तो एका मोकळ्या प्लॉटवर खुर्ची टाकून वाळू राखत बसायचा. दुसरा आला तो या अटीवर, की त्याच्या मेहुण्यालाही बोलावून घ्यायचं. मेहुणा आला, आणि भाताचं पातेलं सोडून कशालाही हात लावेना. ही सगळी पत्रं इंग्रजीत तुम्हीच टाईप करायचात. नको असलेली माणसं स्वतःच्या हाताने मागवत होतात.

एकदा मी ऑफिसात बिलं लावत होतो तेव्हा तुमचं बोलणं झालं. तुम्ही म्हणालात, "शेठ, मला माणसं नकोत. दिवस द्या."

शेठ म्हणाला, "मास्तर, माणसं मी आणू शकतो. दिवस कुठून आणू?"

"लाँच येईपर्यंत थांबा. ती दोन पोरं आली की बाकीची नीट होतील."

"तुमचा सब्र मला महाग पडतोय, मास्तर."

ज्या माणसाने चार-चार महिने बुडाली की तरली याचा पत्ता नसलेल्या गलबतांची वाट बघत पैसा केला, त्याला चार शुक्रवार निघेनात. तिसरा सामना हरलो, चौथा हरलो. आणलेले दोघं आपापला खेळ चांगला खेळायचे, पण कुणी कुणाला बॉल देईना. खोलीतलेच लोक आता बोलायला लागले, मास्तरला शेठने सगळं दिलं, अजून काय हवं. शेठने तोड काढली. येत्या गुरुवारपर्यंत लाँच निघाल्याची तार आली तर थांबतो, नाही आली तर खलास. शारजाला गोऱ्यांच्या छावणीत काम केलेला एक गोव्याचा मास्तर त्याने हेरून ठेवलेलाच होता.

तारा आणायचं काम माझं होतं. रोज दुपारी मी तार ऑफिसात जायचो, आपल्या पेढीच्या असतील त्या सही करून घ्यायचो. त्या गुरुवारी एकच होती. रत्नागिरीच्या आडतदाराची. लाँच पहाटे निघाली, सगळे खलाशी चढले, एवढंच. मी ती तिथेच उभ्याने वाचली. खरं सांगतो बाबा, पहिल्यांदा मला आनंदच झाला, धावत निघालोसुद्धा. धक्क्याजवळ आलो आणि पाय मंदावले. लाँच आली की तुम्ही राहणार. तुम्ही राहिलात की मी बाकावर. हा विचार एवढा सरळ होता की मला त्याची भीतीसुद्धा वाटली नाही. मी तार घडी करून पैरणीच्या आतल्या खिशात ठेवली.

ऑफिसच्या दारात शेठ वहाणा घालत होता. म्हणाला, "काय रे, तार?"

मी म्हटलं, "नाही शेठ."

"बघितलंस ना नीट?"

"बघितलं."

तो माझ्याकडे दया आल्यासारखं बघून म्हणाला, "तुझ्या बापासाठी मला वाईट वाटतं रे." आणि गेला. त्या संध्याकाळी बैठकीत त्याने तुम्हाला चांगल्या शब्दांत सांगितलं. मास्तर, तुम्ही थकलात, आराम करा, गोडाऊन तर तुमचंच आहे. तुम्ही "बरं" म्हणालात आणि समोरचा बिनदुधाचा सुलेमानी चहा संपवलात. मी दाराशी होतो. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल, निदान उठून जाल. भांडला असतात तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी तो गोव्याचा मास्तर आला. तुम्ही त्याला बसवलंत, पिशवी उघडलीत, बॉल, पंप, बॉलची वादी ओवायची सुई एकेक करून त्याच्या हातात दिलंत. मग एकेका खेळाडूचं सांगायला लागलात. याचा घोटा, त्याचा दमा, गोलीला घरचं पत्र आलं की नाही ते आधी विचारत जा. तो माणूस घड्याळ बघत होता. माझ्यावर आलात तेव्हा म्हणालात, "हा डावीकडे मागे चांगला खेळतो. मी याला घालू शकलो नाही. तुम्ही घाला." मी पाणी आणायच्या निमित्ताने खाली गेलो आणि चहाच्या पेट्यांमागे उभा राहिलो. तार तेव्हाही खिशातच होती. तेव्हाही बाहेर काढता आली असती.

शनिवारी मी ती दिली. शेठने मजकूर तेवढा वाचला, डोक्याला हात लावला आणि तुमच्यासमोरच म्हणाला, "दोन दिवस आधी आली असती तर मास्तरला हात लावला नसता. नशीब." मग त्याने ती तुमच्याकडे सरकवली. तुम्ही चष्मा लावलात. तारेवर गुरुवारचा शिक्का होता, बाबा, तारीख आणि वेळ दोन्ही. आलेल्या प्रत्येक कागदाची तारीख वहीत लिहायचं तुमचं काम. तुम्ही ती बराच वेळ हातात धरलीत, मग कागद लावायच्या लोखंडी आकड्यात खोचलीत आणि म्हणालात, "चला, पोरं निघाली एकदाची." माझ्याकडे बघितलं नाहीत. नंतर एकदा तुम्ही बाहेर गेल्यावर मी ती आवकजावकची वही उघडली होती. त्या तारेची नोंद तुम्ही शनिवारच्या तारखेने केली होती. तुमच्या हातची एक तारीख कधी चुकली नव्हती. म्हणजे तुम्ही माझं खोटं स्वतःच्या अक्षरात खरं करून ठेवलंत, आणि त्यानंतर आठ वर्षं जगलात पण मला एका शब्दाने विचारलं नाहीत. मी वही मिटून जागेवर ठेवली.

दोन आठवड्यांनी लाँच आली. भाऊ उतरले, अजून पायांखाली जमीन हलतेय म्हणत त्याच शुक्रवारी खेळले, आणि आपण बँकवाल्यांना तीन-एकने हरवलं. थोरल्याने दोन मारले. लोकांनी त्या गोव्याच्या मास्तरला खांद्यावर घेतलं, म्हणे माणसाने पंधरा दिवसांत टीम बदलून टाकली. मी डावीकडे मागे खेळलो. शेवटी शेवटी त्यांचा एक जण गोलीला चुकवून आत घुसला होता, मी रेषेवरून बॉल बाहेर काढला आणि तोंडावर वाळूत पडलो. उठलो तर तुम्ही दिसलात. मैदानाच्या त्या टोकाला, गर्दीपासून लांब, डोक्यावर रुमाल बांधून एकटेच उभे होतात आणि हात वर करून टाळ्या वाजवत होतात. परत येताना होडीत तुम्ही कागदात गुंडाळलेले बूट माझ्या मांडीवर ठेवलेत. खरे, खिळ्यांचे, चामड्याचे. म्हणालात, "आता मी मास्तर नाही. आता तुझ्यासाठी काही घेतलं तर कोण काय म्हणणार?" मी बूट धरून बसलो. उतरताना मी तुम्हाला हात दिला, तुम्ही तो घेतलात, आणि तेव्हा सांगायला हवं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गावी परतलात, मी इथेच राहिलो, नोकऱ्या बदलल्या, लग्न झालं. तुम्ही गेल्याचं पत्र मला तुम्ही गेल्यावर नवव्या दिवशी मिळालं, आणि त्या नऊ दिवसांत मी दोनदा हॉटेलात बिर्याणी खाल्ली होती, हेही मला अजून टोचतं. आता बायकोही नाही. मुलाच्या व्हिसावर, या चौथ्या मजल्यावर, दिवसभर कुणाशी मराठीत बोलावं असं माणूस भेटत नाही. वॉचमन केरळचा, तो हिंदीत विचारतो, "सब ठीक, चाचा?" आणि मी म्हणतो, "ठीक, ठीक." कुणाला कुठल्या क्लबाने काढलं याच्या बातम्या मी नातवापेक्षा जास्त बघतो. हरणारा माणूस वेळ मागतो तेव्हा मी टीव्हीसमोर उभा राहतो, काही करता येत नाही तरी.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. गावच्या घरात आता दुसरे लोक आहेत, आणि तुमच्या कबरीवर नेऊन वाचावं एवढा प्रवास हे गुडघे करणार नाहीत. मुलाच्या हाती पडू नये म्हणून आजच फाडेन. त्याआधी एक लिहितो. मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो की तुमचा हक्क हिरावून घेतल्यानंतर मला कधी सुख लागलं नाही. ते खोटं आहे. त्या शुक्रवारी वाळूतून उठलो, तुम्हाला टाळ्या वाजवताना पाहिलं, तेव्हा तार, शेठ, काहीही माझ्या मनात नव्हतं. मी सुखात होतो, बाबा. या सबंध मुलखात, या सबंध आयुष्यात तेवढा सुखात मी परत कधी झालो नाही, आणि तो गुरुवार परत आला तर ती तार मी शेठला देईन, असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.